वाकलेले चमचे : सुटून आलेल्या एका खलनायकाचं प्रकरण

सुटकेला चार महिने झाले होते. एका सकाळी त्याने स्वयंपाकघरातला खण ओढला, तर १४ पैकी ११ चमचे मानेत वाकलेले. सगळ्यांचा कल एकाच बाजूला, भिंतीपलीकडच्या त्याच्या उशीकडे. उरलेले तीन सरळ होते. ते जास्त निकेलच्या स्टेनलेस स्टीलचे होते, आणि त्या स्टीलला लोहचुंबक चिकटत नाही. ज्याच्या अंगात लोखंड ओढण्याची शक्ती आहे, त्याला याहून वेगळा पुरावा नको होता. रात्री झोपेत त्याच्याकडून शक्ती वापरली गेली होती. सुटकेच्या अटींमधली तिसरी अट तर स्पष्ट होती : कोणत्याही कारणासाठी, कोणत्याही प्रमाणात शक्ती वापरायची नाही. वापरली, तर उरलेली शिक्षा तुरुंगात.

त्याने पकड शोधली आणि एकेक चमचा हाताने सरळ केला. मनात आणलं असतं तर क्षणात काम झालं असतं. त्याला पाऊण तास लागला. मग त्याने खण बंद केला, कामावर गेला आणि कोणाला काही बोलला नाही.

हे प्रकरण कल्पित आहे. माणसं माझी, घटनाही माझ्या. पण ते रचताना मी गुन्हा सोडणाऱ्या खऱ्या माणसांविषयी जे संशोधन झालंय त्याला धरून राहिलोय. महाशक्तीच्या गोष्टी मी लहानपणापासून वाचतो आणि त्यांतली एक उणीव मला कायम सलत आलीय. १९५४ मध्ये अमेरिकी कॉमिक्ससाठी जी आचारसंहिता आली तिचा दंडकच होता, की शेवटी चांगल्याचा विजय व्हावा आणि गुन्हेगाराला शिक्षा व्हावी. गोष्ट तुरुंगाच्या दाराशी संपायची. दुसरं टोक १९६५ चं. हॉकआय, क्विकसिल्व्हर आणि स्कार्लेट विच हे तिघे त्या वर्षी अव्हेंजर्स या कॉमिक्समधल्या नायकांच्या संघात दाखल झाले. आदल्याच वर्षी तिघेही नायकांच्या विरोधात उभे राहून वाचकांसमोर आले होते. एक टोक म्हणजे कोठडी, दुसरं म्हणजे थेट नायकांच्या पंगतीत पान. मधले महिने, ज्यात माणूस भाड्याच्या खोलीत एकटा उठतो आणि त्याला दिवस ढकलायचा असतो, ते फार थोड्यांनी लिहिलेत. मला तेच महिने हवे होते.

त्याची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो, कारण ती नेहमीचीच आहे. बारा वर्षं तिजोऱ्या फोडल्या, चिलखती गाड्या उलथवल्या. शेवटच्या वेळी पाठलाग चुकवताना त्याने एका झुलत्या पुलाचे दोर ओढले. त्यात २३ जण जखमी झाले आणि एका बाईंचा पाय गेला. नऊ वर्षं तो आत होता. उरलेली सहा बाहेर काढायची होती, अटींवर आणि देखरेखीखाली.

तिसरी अट घालणारे मूर्ख नव्हते. पूल ज्यांनी पाहिला होता त्यांना दुसरं काय सुचणार? पण साध्या कैद्याच्या आणि याच्या सुटकेत एक मूलभूत फरक आहे. ज्याने सुरी चालवली तो सुरी जमा करून बाहेर पडतो. याने काय जमा करायचं? त्याचं हत्यार जिथे त्याचं रक्त तिथे. त्याला सांगितलं गेलं ते ‘सुरी उचलू नकोस’ एवढंच नव्हतं. ‘तुझा एक अवयव आहे, तो नसल्यासारखा जग’ असं त्याला सांगितलं गेलं होतं. आणि जागेपणी तो तसा जगलाही. हे मी ठासून सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात ते विसरलं जातं. चार महिन्यांत त्याने पडलेली किल्लीसुद्धा वाकून उचलली.

नोकरीचं सांगायला हवं. डेव्हा पेजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात केलेला प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. सारख्याच पात्रतेचे अर्जदार पाठवले, फरक फक्त पूर्वीच्या शिक्षेचा. गोऱ्या अर्जदारांमध्ये शिक्षेची नोंद नसलेल्यांपैकी ३४ टक्क्यांना मालकांनी पुन्हा बोलावलं, नोंद असलेल्यांपैकी १७ टक्क्यांना. काळ्या अर्जदारांमध्ये हेच आकडे १४ आणि ५. ही सगळी अनोळखी माणसं होती. याचा तर चेहराच नोंदवहीसारखा, कोणीही यावं आणि वाचावं. शेवटी मातीची भांडी करणाऱ्या एका कारखान्याने त्याला घेतलं. माती मळायची, भांडी वाळत घालायची, भट्टी भरायची. तिथे त्याची घडी बसली.

‘घडी बसली’ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. ग्लूक या गुन्हेशास्त्रज्ञ दांपत्याने बॉस्टनमधल्या ५०० गुन्हेगार मुलांची माहिती कधीकाळी जमवली होती. तिची खोकी हार्वर्डच्या एका तळघरात पडून होती. जॉन लॉब आणि रॉबर्ट सॅम्पसन या अभ्यासकांनी ती बाहेर काढली आणि त्यांतल्या ५२ जणांना त्यांच्या उतारवयात गाठलं. यांतले बरेच जण ‘आता सुधारतो’ असा निश्चय करून सुधारले नव्हते. नोकरी लागली, लग्न झालं, सैन्यात गेले; रोजच्या रहाटगाडग्यात गुन्ह्याला जागाच उरली नाही. म्हणून सुधारणा मोजायची तर माणसाच्या पश्चात्तापापेक्षा त्याचा मंगळवार कसा जातो हे आधी बघावं, असं माझं मत झालंय. याचे मंगळवार चांगले जात होते. बिघडत होत्या त्या रात्री.

स्वप्नांची झोप लागते तेव्हा मेंदूचा खालचा भाग अंगातले स्नायू सैल सोडतो. स्वप्नात माणूस धावतो, पाय मात्र गादीवरच राहतात. काही जणांत हे कुलूप बिघडतं आणि ते झोपेत लाथा झाडतात, शेजारी झोपलेल्याला मारतात. कार्लोस शेंक आणि मार्क महोवाल्ड या डॉक्टरांनी १९८६ मध्ये या विकाराचं वर्णन केलं. आता याचा विचार करा. याची शक्ती स्नायूंतून जात नाही. म्हणजे जे कुलूप तुम्हाआम्हाला रोज रात्री आवरून धरतं ते याच्या शक्तीला लागूच नाही. तो स्वप्नात पळू लागला की पाय पडून राहतात आणि शक्ती पळते.

मग नऊ वर्षं हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? कारण कोठडी त्याच्यासाठीच बांधलेली होती. काँक्रीट, लाकूड, ॲल्युमिनियम, सळया काचतंतूच्या. ओढायला लोखंडच नव्हतं. तो दर रात्री काय करत होता याची खूण उमटायला जागाच नव्हती. त्याआधीच्या अड्ड्यावर सगळंच वाकलेलं असायचं, कोण मोजतंय?

पहिल्या सकाळनंतर दोन वाटा होत्या. एक, त्याच्यावर देखरेख ठेवणाऱ्या पर्यवेक्षक बाईंना फोन करायचा. दुसरी, गप्प बसायचं. व्यसनांवर काम केलेले मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी एक गोष्ट नेमकी पकडली होती. ‘एक थेंबही नाही’ अशी शपथ घेतलेल्या माणसाचा एकदा पाय घसरला, की त्याला घसरणं दिसत नाही. त्याला वाटतं सगळंच गेलं. आणि सगळंच गेलं असेल तर आता कशाला थांबायचं? पुष्कळदा पहिल्या पेल्याने जेवढं नुकसान होत नाही तेवढं या विचाराने होतं. आमच्या माणसाला तो विचार आला. त्याच आठवड्यात जुन्या साथीदाराचा फोनही आला.

त्या फोनमध्ये पैशाचं, सूडाचं काही नव्हतं. “दमलेला वाटतोस रे,” साथीदार म्हणाला. “इकडे ये. इथे तुझ्या झोपेत काय वाकलं ते कोणी मोजत नाही.” खलनायकाला परत ओढणारं आमिष म्हणजे सत्ता किंवा संपत्ती, असं गोष्टींत दाखवतात. मला ते पटत नाही. चार महिने स्वतःवर पहारा देऊन थकलेल्या माणसाला सगळ्यात मोठं आमिष झोपेचं.

तो गेला नाही. पण त्याने बाईंनाही फोन केला नाही. या दोहोंच्या मधे त्याने जे केलं त्यामुळे हे प्रकरण मला लिहावंसं वाटलं.

त्याने पाव किलो खिळे आणले. पलंगापासून दर अर्ध्या मीटरवर खडूने रेघ मारली, चार मीटरपर्यंत आठ रेघा. प्रत्येक रेघेवर दोन खिळे आडवे ठेवले. सकाळी उठला की कोणते खिळे रेघ सोडून सरकले ते बघायचं आणि वहीत मांडायचं. तारीख, झोपेची वेळ, दिवसभरात काय झालं, स्वप्न आठवत असेल तर ते, आणि सर्वांत लांबचा सरकलेला खिळा. चुंबकाची ओढ अंतराबरोबर झपाट्याने घटते; पहिल्या रेघेवरचा खिळा उशाशी येऊन पडायचा तेव्हा तिसऱ्या रेघेवरचा नुसता फिरलेला असायचा. वही अशी १९ दिवस चालली. चमचेही रोज सरळ होत होते. त्यांतला एक सतराव्या दिवशी हातात मोडला. धातू एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवला की तिथे तो कडक होतो, लवायचा थांबतो आणि तुटतो.

चौदा रात्री ओढ दीड मीटरच्या आत राहिली. चार रात्री ती तीन मीटरपर्यंत गेली. त्या चारही दिवशी बाहेर कोणीतरी त्याला ओळखलं होतं. एकदा रांगेत, दोनदा रस्त्यात, एकदा कारखान्यात आलेल्या गिऱ्हाइकाने. एकोणिसाव्या रात्री शेवटच्या रेघेवरचे दोन्ही खिळे जागेवर नव्हते. आदल्या संध्याकाळी पुलाच्या अपघाताची आठवण काढणारा मजकूर त्याच्या नजरेस पडला होता.

चार मीटर. खालच्या घराची जमीन त्याच्या पलंगापासून साडेतीन मीटरवर होती. त्या घरात एक बाई आणि तिचं तीन वर्षांचं मूल राहत होतं.

त्याच सकाळी तो पर्यवेक्षक बाईंच्या कार्यालयात गेला. टेबलावर वही ठेवली, वहीवर मोडका चमचा.

“मॅडम, तिसरी अट मोडली. एकोणीस वेळा.”

बाईंनी वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. मग विचारलं, “पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?”

“परत आत गेलो असतो.”

“आणि आज जाणार नाही असं वाटतंय?”

“जाईन असंच वाटतंय. पण खाली मूल आहे.”

बाई चिडल्या होत्या, आणि मला वाटतं त्यांचं चिडणं रास्त होतं. १९ रात्री ते मूल त्या टप्प्याच्या काठावर झोपलं होतं. त्याच्या आईला ते माहीत नव्हतं आणि या माणसाला माहीत असायला हवं होतं. त्याचं गप्प बसणं मी समजू शकतो. माफ करण्याचा अधिकार माझा नाही. पण त्याच वेळी अटीकडेही बघायला हवं. अट ‘वापर’ एवढंच म्हणत होती, इच्छेचा शब्दही त्यात नव्हता. झोपेत घडलेलं कृत्य हे कर्त्याचं ऐच्छिक कृत्य धरता येत नाही, हे न्यायालयांना ठाऊक आहे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये पार्क्स खटल्यात, आणि तोही खुनाचा खटला होता, निर्दोष सुटका याच कारणाने कायम ठेवली. आमच्या अटीत मात्र जाणूनबुजून पूल ओढणं आणि झोपेत चमचा वाकणं यांना एकच शिक्षा. जिथे खरं बोलण्याची किंमत सर्वांत जास्त असते तिथे माणूस खरं बोलायला १९ दिवस घेतो. काही जण तर कधीच बोलत नाहीत. ती अट त्याला शक्तीपासून लांब ठेवायला घातली होती. प्रत्यक्षात तिने त्याला ज्यांनी मदत करायची त्यांच्यापासूनच लांब ठेवलं.

सुटकेच्या अटी ठरवणाऱ्या मंडळापुढे प्रकरण गेलं. तीन सदस्य. एकाचं म्हणणं, अट म्हणजे अट. आज झोप, उद्या आणखी काही. दुसऱ्या वैद्य होत्या, त्यांना वहीत एक चांगला रुग्ण दिसला : इतकी शिस्तीत ठेवलेली नोंद आपल्याला क्वचितच मिळते, असं त्या म्हणाल्या. तिसऱ्या सदस्याने एक पत्र वाचून दाखवलं. पुलावर पाय गेलेल्या बाईंचं. प्रकरण उघडल्याचं नियमाप्रमाणे त्यांना कळवलं गेलं होतं. पत्र पाच ओळींचं होतं. त्यातल्या दोन अशा : “त्याने मला दोनदा माफीचं पत्र पाठवलं, मी उघडलं नाही. मला त्याची माफी नको, त्याची शक्ती आज कुठपर्यंत पोचते हे मला दर महिन्याला कळलं पाहिजे.”

हे पत्र लिहिताना मी सर्वांत जास्त अडखळलो. सुधारणेच्या गोष्टींत पीडिताला क्षमा करायला लावण्याची वाईट खोड असते; जणू त्याच्या सुधारणेचं शेवटचं प्रमाणपत्र द्यायचं कामही तिनेच करायचं. या बाई क्षमा करत नाहीत आणि त्यांनी करावी असं मला वाटत नाही. पण त्यांनी जे मागितलं ते नेमकं तेच होतं जे तो माणूस खडूच्या रेघांवर आधीच करत होता. वही त्याने भीतीपोटी सुरू केली होती. आता ती वही मागण्याचा हक्क असलेलं कोणीतरी निघालं.

मंडळाने अट बदलली. जागेपणी बंदी कायम. झोपेतली प्रत्येक हालचाल दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत कळवायची, कळवल्याबद्दल शिक्षा नाही, लपवल्याबद्दल आहे. पलंगाभोवती लोखंड नको. झोपेच्या तज्ज्ञाकडे उपचार. आठवड्यातून दोनदा बंदिस्त जागी, देखरेखीखाली शक्ती वापरण्याचा सराव. कारण नऊ वर्षं आणि चार महिने ज्याने एक अवयव वापरलाच नाही त्याला त्यावर ताबा कसा राहील, हा वैद्य सदस्याचा प्रश्न कोणालाच खोडता आला नाही. वहीची प्रत दर महिन्याला पाय गेलेल्या बाईंना. पहिला सदस्य विरोधात राहिला आणि त्याने आपला विरोध लेखी नोंदवला. तेही बरंच झालं, कोणीतरी तो बोलायला हवाच होता.

एका ठिकाणी मात्र मंडळ चुकलं. खालच्या मजल्यावर सांगायचं काम त्यांनी त्याच्यावरच टाकलं. ज्याच्यामुळे धोका, त्यानेच जाऊन दार ठोठावायचं! पर्यवेक्षक बाईंना हे पटलं नाही आणि त्या सोबत गेल्या.

खालच्या ताईंनी दार अर्धं उघडलं आणि सगळं उभ्यानेच ऐकून घेतलं. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो मंडळातल्या कोणालाही सुचला नव्हता.

“रक्तात लोह असतं ना? माझ्या पोराच्या रक्तात?”

तो गप्प झाला. उत्तर त्याला माहीत होतं, पण ते आपल्या तोंडून ऐकून कोणाला धीर येणार नाही हेही माहीत होतं. उत्तर पर्यवेक्षक बाईंनी दिलं. मोठ्या माणसाच्या शरीरात सगळं मिळून तीन-चार ग्रॅम लोह असतं, त्यातलं बहुतेक रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये बांधलेलं, आणि खिळ्यातल्या लोखंडासारखं ते चुंबकाकडे ओढलं जात नाही. एमआरआयच्या यंत्रात दीड किंवा तीन टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) प्रचंड चुंबकात माणूस निजतो आणि त्याचं रक्त जागेवर राहतं ते त्यामुळेच. धोका असतो तो बाहेरच्या लोखंडाचा : कात्री, सुया, भिंतीवरच्या जड वस्तू. किंवा शरीरात बसवलेल्या जुन्या धातूच्या तुकड्यांचा, पेसमेकरचा. घरात तसं कोणाला काही बसवलंय का, हे त्यांनी तिथेच विचारून लिहून घेतलं. नव्हतं.

“आणि तुम्ही वरती झोपणार. तसेच,” ताई त्याला म्हणाल्या.

“तुम्ही नको म्हणालात तर दुसरी जागा बघतो. तसं मंडळाला सांगूनच आलोय.”

ताईंनी लगेच उत्तर दिलं नाही. तीन दिवस त्या मुलाला घेऊन बहिणीकडे राहिल्या. त्यांचा तो हक्कच होता. भीती निराधार ठरली म्हणून ती बाळगण्याचा हक्क जात नाही. चौथ्या दिवशी त्या परत आल्या आणि त्यांनी त्याच्याकडे एक मूठ खिळे मागितले.

“खडू आहे माझ्याकडे,” म्हणाल्या. “तुमची वही तुम्ही लिहा. माझी मी लिहीन.”

गुन्हा सोडलेल्या माणसांना भेटून अभ्यास करणारे शॅड मरूना सांगतात, की जे टिकले ते आपली एक गोष्ट सांगू शकत होते : मी मुळात असा नव्हतो, आणि जे भोगलं त्याचा आता कोणाला तरी उपयोग होईल. आमच्या माणसाकडे अशी गोष्ट अजून तयार नव्हती. तो मुळात कसा होता हे त्यालाच सांगता येत नव्हतं. पण मरूना आणखी एक गोष्ट म्हणतात : ही गोष्ट एकट्याने सांगून टिकत नाही, दुसऱ्या कोणीतरी ती खरी धरावी लागते. ताईंनी काही खरं धरलं नव्हतं. त्यांनी फक्त तपासायचं ठरवलं. माझ्या मते सुरुवातीला तेवढंच पुरतं, आणि खरं म्हणजे तेच जास्त टिकाऊ. शिक्षा भोगलेला माणूस नवा गुन्हा न करता सहा-सात वर्षं राहिला, की त्याच्याकडून गुन्हा होण्याचा धोका कधीच न पकडल्या गेलेल्या माणसाच्या जवळपास येतो, असं २००६ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं होतं. त्या हिशेबाने याला अजून बराच पल्ला होता. एवढा काळ कोणी नुसत्या विश्वासावर काढू शकत नाही. रोज सकाळी बघायला काहीतरी लागतं.

उपचार आणि सराव सुरू झाल्यावर ओढ कमी झाली. वरच्या वहीत ती जवळजवळ सहा आठवडे एका मीटरच्या आत राहिली. खालच्या वहीत त्या काळात एकच शब्द रोज : जागेवर, जागेवर, जागेवर.

एक्केचाळिसाव्या सकाळी सात वाजता दार वाजलं. ताई उभ्या होत्या, कडेवर मूल, आणि तळहातावर खिळा.

“दोन बोटं सरकला,” त्या म्हणाल्या. “काल कोणी ओळखलं का?”

“हो,” तो म्हणाला. वर वहीत लिहून ठेवलेलं होतं. त्याने ती आणली आणि पान त्यांच्यापुढे धरलं. ताईंनी दारातच उभ्याने ते वाचलं, आपल्या वहीत वेळ टिपून घेतली आणि खिळा त्याच जागी परत ठेवायला खाली गेल्या.